स्मोकोची व्हॅन: पालक-रिकोटा घ्या, कॉफी टाळा

मेलबर्नच्या डँडेनाँग साऊथमध्ये गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. पाळी सकाळी सहाची. नऊच्या सुमारास रस्त्यावर खाण्याच्या व्हॅनचा भोंगा वाजला की कुणीतरी "स्मोको!" (म्हणजे चहा-सिगारेटची छोटी सुट्टी) ओरडतं आणि अख्खं गोदाम बाहेर पडतं. त्यात खरोखर ओढणारे थोडेच. वीसचं पाकीट 40 डॉलरच्या पुढे गेलंय, शिवाय 2012 पासून सगळ्या कंपन्यांच्या पाकिटांना एकच कळकट रंग आणि वर आजारांचे फोटो. ती मंडळी फाटकाबाहेर उभी राहतात. माझ्यासारखे, जन्मात झुरका न मारलेले, सरळ व्हॅनकडे पळतात.

हातात दहा मिनिटं असतात, म्हणून या व्हॅनचं खरं कौतुक वेगाचं. खिडकीतली बाई प्रत्येकाला "लव्ह" म्हणते आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत तुमची नेहमीची पिशवी पुढे सरकवते. वीस जणांची रांग असली तरी खायला वेळ उरतो.

मीट पाय, म्हणजे मांसाचा रस्सा भरलेली भाजलेली पेस्ट्री, चांगला, पण आतला रस्सा इतका कढत की पहिल्या घासाला जीभ भाजलीच म्हणून समजा. कोपरा मोडून वाफ जाऊ द्या. सॉसच्या पुडीचे पैसे वेगळे घेतात, हे काही मला पटत नाही. चिको रोल इथला जुना मानकरी, 1951 मध्ये वॉगा वॉगाच्या जत्रेत पहिल्यांदा विकला गेला. एका हातात धरून उभ्याउभ्या खाता यावा म्हणूनच केलेला. पण या व्हॅनमध्ये तो तळून ठेवलेला असतो, त्यामुळे साल चामट लागते. आपल्याकडच्या शाकाहारी लोकांनी त्याच्या रूपावर जाऊ नये. स्प्रिंग रोलसारखा दिसतो, आत कोबीबरोबर बीफ असतं. डिम सिम, म्हणजे इथला मोमोसारखा प्रकार, त्यातही मांस असतंच.

मी घेतो पालक-रिकोटा (पनीरसारखं मऊ चीज) रोल. पापुद्रे सुटे, मीठ बेताचं. आमच्या घरी असता तर मिरची ठेचून घातली असती, पण ठीक आहे. कॉफी म्हणजे इन्स्टंटचं पाणी. त्यापेक्षा फ्रिजमधलं आइस्ड कॉफीचं कार्टन घ्या, उन्हाळ्यात तर डोळे मिटून.

कार्डाला जास्तीचा आकार लागतो, सुटे ठेवा. शुक्रवारी पालकाचे रोल लवकर संपतात, तेव्हा त्या दिवशी मी डबाच नेतो.