नसलेल्या दोन कॅलिपरचे ३,०००

माझ्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आहेत, मागे ड्रम. गाडी घेतल्या दिवसापासून मला हे माहीत आहे. तरीही 'कॅलिपर ओव्हरहॉल, नग ४, दर १,५००' असं छापलेल्या बिलाखाली मी सही केली आणि ६,००० मोजून दिले. कॅलिपर म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा; ड्रमला तो नसतोच. म्हणजे चारातले दोन कॅलिपर नव्हतेच कुठे, आणि त्यांच्या दुरुस्तीचे ३,००० मी भरून आलो. वर 'थँक्यू' म्हणून आलो.

आता सुरुवातीपासून. ब्रेक दाबला की गाडी किंचित एका अंगाला ओढायची आणि पुढच्या डाव्या चाकातून किर्र आवाज यायचा. गॅरेजवाल्याने चाक काढून दाखवलं. आतला पॅड (डिस्कवर घासणारा तुकडा) २ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ८. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले. "डिस्क वाकडी झालीय, त्यामुळे असं खातंय," तो म्हणाला. मला पटलं. का पटू नये? गाड्या हा माझा धंदा नाही, आणि ब्रेकचं नाव काढलं की माणूस घाबरतोच. या लोकांचं सगळं दुकान त्याच भीतीवर चालतं.

बिल असं: डिस्क दोन, ७,२००. पुढचे पॅड, ३,४००. ते चार कॅलिपर, ६,०००. ब्रेक ऑइल ८५०. मजुरी १,८००. एकूण १९,२५०.

तो क्षण रोज आठवतो. काउंटरवर पेन हातात, बोट 'नग ४'वर. मनात आलंही, चार? पण मागे दोघं उभे होते, फोन वाजत होता, आणि 'मागे ड्रम आहेत ना हो?' एवढं विचारलं तर आपण अडाणी दिसू असं वाटलं. अडाणी दिसू नये म्हणून अडाणीपणा केला. जुने पॅड आणि डिस्क मागितल्या, तर म्हणे "भंगारात गेल्या." अर्ध्या तासात? तिथेही गप्प बसलो. (काढलेले भाग परत हवेत हे गाडी देतानाच लिहून द्या, घेताना नाही.)

४,३०० किलोमीटरनंतर पुन्हा किर्र. तेच चाक, तोच आतला पॅड, ३ मिलिमीटर. या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने कॅलिपर सोडवला आणि मला म्हणाला, "साहेब, ही पिन हाताने हलवून बघा." हलेना. खालच्या गाइड पिनचं रबर फाटलेलं, आत पाणी जाऊन गंज धरलेला. माझ्या गाडीतल्यासारख्या सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन, म्हणजे ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या, फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन अडकली की बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो, सगळा भार आतल्यावर. माझा आतला पॅड एका टोकाला जास्त झिजला होता, तेही एकच पिन अडकल्याचं लक्षण. डिस्कचा यात काडीचा संबंध नव्हता. आणि ती 'नवी' डिस्क? तिच्या काठाला नखाला अडकेल एवढी कड होती. ४,३०० किलोमीटरमध्ये एवढी कड येत नाही. जुनीच डिस्क घासून-पुसून बसवलेली.

मग तो सहज म्हणाला, "आणि साहेब, मागे ड्रम आहे." मी बिल घडी करून खिशात घातलं.

खरं काम ४,१५० मध्ये झालं: पिना, रबरं, सिलिकॉन ग्रीस, चारही पुढचे पॅड. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलतात, त्यात फसवणूक नाही. साधं ग्रीस मात्र लावू देऊ नका, त्याने पिनेवरचं रबर फुगतं. त्याने पिस्टनही ढकलून बघितला. सहज मागे गेला, म्हणजे ब्रेक ऑइलचा पाइप ठीक. पिस्टन जात नसेल आणि ब्लीडर (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावर लगेच गेला, तर बहुधा रबरी पाइप आतून बुजलाय, कॅलिपरवर खर्च करू नका. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. पहिल्याने केली नाही, कारण तिचं बिल होत नाही.

तक्रार करायला गेलो तर पोलीस म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे. ग्राहक तक्रार कक्षात पहिल्या दिवशी अर्ज चुकीच्या नमुन्यात, दुसऱ्या दिवशी संबंधित बाई रजेवर, तिसऱ्या दिवशी "तज्ज्ञाचा दाखला आणा". कसला दाखला? मागच्या चाकाला कॅलिपर नाही याचा? गाडी खाली दाराशी उभी आहे, दोन मिनिटं येऊन बघा म्हटलं. "आमच्या कामात पाहणी बसत नाही." गाडी बनवणाऱ्या कंपनीला फोन केला, तर बाहेरच्या गॅरेजशी त्यांचा संबंध नाही, पण ब्रेक तपासून घ्यायला आमच्याकडे या, सवलत आहे!

बिलाचा फोटो, पिनेचा फोटो, डिस्कच्या कडेचा फोटो, मागच्या ड्रमचा फोटो, सगळं जोडलं होतं. सात आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: 'सादर केलेल्या बिलानुसार चारही कॅलिपरचे काम पूर्ण झाल्याचे व ग्राहकाने सही केल्याचे दिसून येते. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'