दहाच्या नोटेएवढी फट: .२२ रायफलचे दहा महिने

फेब्रुवारी २०२४ मध्ये रायफल घेतली. आता नोव्हेंबर संपतोय. या दहा महिन्यांतले चार महिने ती पोलीस ठाण्यात जमा होती, तेव्हा हा अनुभव सहा महिन्यांचाच धरा. .२२, बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने दांडी मागेपुढे ओढायची), पाच गोळ्यांची मॅगझिन, लाकडी स्टॉक म्हणजे दस्ता. कंपनीचं नाव घेत नाही, आणि परवान्यासाठी किती चपला झिजवल्या तेही इथं नको.

घरी आणली त्या दिवशी वडिलांनी बिल पाहिलं. चष्मा काढून म्हणाले, "इतला पैसामा एक म्हैस उनी ऱ्हाती." हे वाक्य पुढे दर खर्चाला ऐकलं.

सुरुवात मात्र झकास झाली. रेंजवर ५० मीटरवरून पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जात होत्या. कागदाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, नाण्याच्या साधारण निम्मं. नवशिक्याला याहून काय हवं? मी तेव्हाच पाचपैकी पाच तारे दिले असते. पण १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, जमा करण्याची नोटीस आली आणि रायफल ठाण्यात गेली. निकाल ४ जूनला लागला, ती हातात आली तेव्हा इकडे पहिला पाऊस पडून गेला होता.

इथून डोकं फिरायला सुरुवात झाली. त्याच गोळ्या, तेच अंतर, पण भोकं आता करंगळीभर लांब पसरत होती. आकार हुबेहूब भरताच्या वांग्याचा, देठ वर आणि उजवीकडे कललेला. आधी ठाण्यावर संशय घेतला, कुणी आपटली असेल. मग स्वतःच्या श्वासावर. मग गोळ्यांवर. आता गोळ्या बदलून बघणं म्हणजे पैसे जाळणंच, कारण .२२ चं काडतूस रिमफायर जातीचं, ते पुन्हा भरता येत नाही. त्याला वेगळी कॅप नसते. पेटणारा मसाला तळाच्या कडेतच असतो आणि पिन ती कडच चेपते. एकदा उडवलं की उरतं ते भंगार पितळ. दोष शोधण्यात किती गेली ते वहीत लिहिलंय, घरी सांगितलेलं नाही.

शेवटी सगळे करतात तोच मूर्खपणा केला. स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घेतला. रायफलवर स्कोप बसवायला ११ मिलिमीटरची खाच आहे हे दुकानदाराला दोनदा सांगितलं, तरी त्याने स्कोप धरणाऱ्या रिंगा रुंद पट्टीच्या बांधून दिल्या. परत घेऊन गेलो तर म्हणे, "भाऊ, कानशीने थोडं घासा, बसतील." डबा फोडला म्हणून बदलूनही देईना. काउंटरवर तासभर उभा राहिलो, आवाज चढला, दोघांचा चहा झाला, तेव्हा कुठे वरचे पैसे घेऊन योग्य रिंगा मिळाल्या. स्कोप बसवला. वांगं होतं तसंच, फक्त आता मोठं दिसत होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रेंजवर पेढे वाटले गेले. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून) ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं होतं, तेही .२२ वरच, आणि वर तेव्हा मध्य रेल्वेचा टीसी. पेढे वाटणारे काका भुसावळहून रेल्वेतूनच रिटायर झालेले, म्हणून आनंद जरा जास्तच. त्यांनी माझं टार्गेट पाहिलं, खिशातून दहाची नोट काढली आणि नळी व लाकडाच्या मधल्या फटीत सरकवली. नोट तीन बोटं आत गेली आणि अडकली. "लाकूड फुगलंय. एका बाजूने नळीला ढकलतंय," एवढंच बोलून ते पुढच्या माणसाला पेढा द्यायला गेले.

त्या रात्री दोन स्क्रू काढून लाकूड वेगळं केलं. जाड मार्कर पेनला वीस रुपयांचा सँडपेपर गुंडाळला आणि खाचेत मागेपुढे ओढत बसलो. पिवळसर भुगा चादरीवर. मधे मधे लाकूड बसवायचं, नोट घालायची, अडकली की परत काढायचं. दीड तासाने नोट सरसर आतपर्यंत गेली. स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या नेलपॉलिशची रेघ मारली, ढिला झाला तर कळावं म्हणून. (नळीला हात लावायचा नाही. ती विनापरवाना कापून आखूड करणं आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे. ट्रिगरचं काम परवानाधारक कारागिराकडेच. आणि पाहुण्याला रिकाम्या रायफलचा घोडा दाबू देऊ नका, पिन चेंबरच्या कडेवर आदळते.)

वांगं गेलं, नाणं परत आलं. वहीत "दोष मिटला" लिहिलं. पंधरा दिवसांच्या झडीनंतर नोट पुन्हा अडकली. तेव्हा "मिटला" खोडलं. घासलेलं लाकूड उघडं पडलं होतं, ते पाणी पीत होतं. मग घाण्यावरचं जवसाचं तेल आणलं आणि आत पातळ हात दिले. कच्चं तेल वाळायला मुलखाचा वेळ घेतं, आणि पावसाळ्यात तर आठवडाभर चिकटच होतं. घरभर चटणीचा वास. वडिलांनी विचारलं, "भाकरी कुठे शे?"

म्हणजे हिशोब असा: स्कोप, रिंगा आणि फुकट गेलेली काडतुसं यात म्हशीचा एक पाय तरी गेला असेल. कामाला आला तो सँडपेपर आणि वाटीभर तेल. स्कोप चांगला आहे, पण त्याची गरज नव्हती. लाकडाच्या आत कारखान्यातच एक हात दिला असता तर कुणाचं काय गेलं असतं? याचे दोन तारे कापतोच.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, परत जमा. निकालानंतर आणायला गेलो. टेबलावर रायफल ठेवली, हवालदार रजिस्टरमध्ये नंबर लिहीत होते. मला राहवेना, खिशातून दहाची नोट काढली. त्यांनी पेन थांबवलं.

"भाऊ, नोट आधी आत ठेवा. वर कॅमेरा आहे."

काय करतोय ते समजावलं, तरी नोट नकोच म्हणाले. मग जमा-पावतीचीच घडी घातली आणि नळीखाली सरकवली. थेट आतपर्यंत गेली. पावतीला तेलाचा डाग पडला होता. तो त्यांनी रजिस्टरला लावताना पाहिला, बोलले काही नाहीत.