नऊ महिने पाइप घासणारा रोबो, आणि एक केबल

मागच्या मंगळवारी दुपारी आमच्या पाइप घासणाऱ्या रोबोच्या फोर्स सेन्सरची (दाब मोजणाऱ्या सेन्सरची) केबल गेली. रोबो धडधाकट, घासायचा पट्टा फिरतोय, कॉम्प्रेसर चालू, आणि पेंडंटवर (रोबो चालवायच्या हातातल्या स्क्रीनवर) लाल अक्षरात एकच ओळ: सेन्सरकडून सिग्नल नाही. करंगळीपेक्षा बारीक, दोन मीटरची केबल. कोटेशन आलं 41,000 रुपये, जीएसटी वेगळा, पोचायला तीन आठवडे. त्या रागात लिहितोय, थोडं सांभाळून घ्या.

नाशिकच्या अंबडला आमचं छोटं शेड आहे. डेअऱ्यांना आणि दिंडोरीकडच्या वायनरींना लागणारे 304 ग्रेडच्या स्टेनलेसचे पाइप करतो. सिंहस्थ जवळ आल्यापासून रेलिंगच्या चौकश्याही वाढल्यात. दसऱ्याला मशीनच्या पूजेत रोबोच्या हातालाही झेंडूची माळ घातली होती. त्याचं काम एवढंच: फिरणाऱ्या पट्ट्यानं पाइपवरची वेल्ड घासून सपाट करायची. मनगट आणि पट्ट्याचं हेड यांच्यामध्ये बसलेला सेन्सर दाब मोजतो. 30 न्यूटन सेट केले की पाइप जरा वाकडा असला तरी हात पुढेमागे होऊन दाब तेवढाच ठेवतो. लेझर आधी वेल्डची बीड (जोडावरचा उंचवटा) कुठे आणि किती उंच ते बघून घेतो. चकचकीत पाइपवर तो गडबडायचा. छपराच्या पारदर्शक पत्र्यातून येणारं ऊन काळ्या ताडपत्रीनं अडवलं, विषय मिटला.

खरा ताप झाला जानेवारीत. निफाडचा पारा उतरला की आमच्याकडेही सकाळी पाना हातात धरवत नाही. आठच्या शिफ्टला पहिल्या दहाबारा पाइपांवर बीड अर्धवट राहायची. अकरानंतर तोच प्रोग्राम, तोच पट्टा, माल एकदम ओके. पुण्याहून सर्व्हिस इंजिनिअर आला, चाकणच्या ट्रॅफिकमुळे दुपारी दोनला. तोवर शेड तापलेलं, त्याला दोष दिसणार कसा? पेलोड (हातावरच्या हेडचं वजन) पुन्हा टाकला, सेन्सर झिरो केला, 'बदलावा लागेल' म्हणाला आणि 9,500 रुपयांचं व्हिजिटचं बिल ठेवून गेला.

दोष सापडला पॉलिशवाल्या मामांना. 22 वर्षं हातानं पाइप घासलेला माणूस. सकाळी रोबोशेजारी उभे राहून म्हणाले, "साहेब, नळी बघा ना. थंडीत काठी होते तिची."

हेडला हवा देणारी पीयूची (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) नळी. गारठ्यात ती ताठ व्हायची आणि हेडला पाइपपासून उचलून धरायची. सेन्सरला वाटायचं पाइपच दाबतोय, म्हणून रोबो हात ढिला सोडायचा. न्यूटन स्क्रीनवर 30, पाइपवर बहुतेक निम्मेच. मऊ रबरी नळी घेतली, वरून स्प्रिंग बॅलन्सरला टांगली. खर्च 2,600. शिवाय सकाळी वीस मिनिटं रोबो रिकामा फिरवायचा आणि मगच झिरो घ्यायचा, हा नियम केला. सेन्सर आजही तोच आहे.

आधी मी सगळ्यांना सांगायचो, माणूस वाचावा म्हणून रोबो घेऊ नका, कारण मामा लागतातच. माझं मत आता थोडं बदललंय. तीन मीटरचा पाइप हातानं सात मिनिटं, रोबोवर साडेपाच. त्यात काही राम नाही. पण संध्याकाळी सहाचा पाइप सकाळच्या पाइपसारखाच निघतो. हातानं माणूस दमला की एका जागी जास्त दाबतो, तिथे पाइप तापून निळा पडतो आणि तो डाग काढायला पुन्हा सगळं फिनिशिंग. तो प्रकार जवळपास बंद झाला. पट्टेही जास्त टिकतात. आणि ग्राइंडरच्या थरथरीनं मामांच्या बोटांना रात्री मुंग्या यायच्या, त्या कमी झाल्यात. हे कोटेशनमध्ये कुणी लिहिलं नव्हतं. कोबॉट (माणसाशेजारी काम करायला बनवलेला रोबो) आहे म्हणून कुंपण नको, असं सांगणाऱ्याचं मात्र ऐकू नका. हात थांबेलही, पण फिरणाऱ्या पट्ट्याला हाड आणि पाइप सारखेच.

तर केबल. मंगळवारी रात्री मीच ती ब्लेडनं सोलली. तुटली होती बरोबर मनगटापाशी, झिप टायच्या खाली. ती टाय आमचीच. नळी टांगताना केबल लोंबकळू नये म्हणून मीच आवळून बांधायला सांगितली होती. प्रत्येक पाइपला ती त्याच एका बिंदूत वाकत होती. बिल बघून कंपनीला घातलेल्या शिव्यांतल्या अर्ध्या परत घेतो. अर्ध्याच, कारण 41,000 हे 41,000 आहेत.

सातपूरच्या एका पोरानं 600 रुपयांत सोल्डर मारून दिलं. सिग्नल आला. पण पट्ट्याची मोटर चालू झाली की रीडिंग 30 वरून 44, परत 19. केबलचं शील्ड (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं आवरण) त्या जोडापाशी तुटलेलं, व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा, सगळा नॉइज आत. दोन पाइप खराब करून थांबलो आणि ऑर्डर दिली.

तोवर मामा हातानं घासताहेत. नवी केबल आली की झिप टाय नाही, सैल वेल्क्रो आणि मनगटापाशी मोठा वळसा. सोल्डरवाली फेकलेली नाही. ऑफिसच्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे.