विद्यार्थ्याची पहिली गाडी: जुनी थ्री सिरीज की पोलो टीएसआय?

आठ-दहा लाखांच्या घरात ठाणे-नवी मुंबईच्या सेकंडहँड बाजारात फिरलात, तर दोन युरोपियन गाड्या हमखास शेजारी शेजारी उभ्या दिसतात. एक, दहा-बारा वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, बहुतेक वेळा डिझेलवरची ३२०डी. दुसरी, २०२० ते २०२२ मधली फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय, म्हणजे एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला गाडी नुसती पोचवणारी नको, चालवताना मजा देणारी हवी असेल, तर प्रश्न फिरून फिरून या दोघींपाशीच येतो. मीही शेवटच्या वर्षाला असताना इथेच येऊन थांबलो होतो. घरून मिळणारी रक्कम ठरलेली होती, त्यात इंटर्नशिपचे थोडे पैसे घातले होते. मामा परदेशी गेल्यावर त्याची ३२०डी पावसाळाभर माझ्या ताब्यात होती, त्यामुळे मी जे लिहितोय ते शोरूमबाहेरच्या एका फेरीवरून नाही.

थ्री सिरीजबद्दल जे चांगलं ऐकलं असेल ते बहुतेक खरं आहे. मागच्या चाकांना ताकद, हातात घट्ट बसणारं स्टिअरिंग, आणि झेडएफ या कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हा गिअरबॉक्स मला आजही त्या गाडीचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. कळवा नाक्यावर रांगेत सरकताना तो गुळगुळीत असतो आणि ठाणे-बेलापूर रोडवर महापेच्या पुढे रस्ता मोकळा झाला की तितकाच तत्पर. पोलोत बसल्यावर हे सगळं थोडं कमी वाटतं, हे मान्य करायला हवं. पोलोचं तीन सिलिंडरचं इंजिन सुरू होताना किंचित थरथरतं, मागच्या सीटवर उंच मित्राचे गुडघे अडकतात, एअरबॅग दोनच आहेत. केबिनमध्ये बसून दार लावल्यावर जो ‘धप्प’ आवाज येतो, तेवढ्यात मात्र ती मोठ्या गाडीच्या तोडीची आहे.

मग पारडं कुठे झुकलं? माझ्यासाठी ते एका टायरवर झुकलं.

मामाने गाडीला अठरा इंची अलॉय चढवले होते. वापरलेल्या थ्री सिरीजमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, काही गाड्यांना मुळातच तशी चाकं असतात. मागे २५५/४०, पुढे २२५/४५ (आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग भिंतीची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत), सगळे रनफ्लॅट. रनफ्लॅट म्हणजे बाजूची भिंत इतकी कडक की हवा गेली तरी ताशी ८० च्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येतं. खिळा लागला तर हे वरदान आहे. पण घोडबंदर रोडवर जुलैत खिळा हा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो पाण्याने भरलेला खड्डा, ज्याची खोली आत चाक गेल्याशिवाय कळत नाही.

कासारवडवलीहून माजिवड्याकडे येताना असाच एक खड्डा लागला. मेट्रोच्या कामाचे पत्रे एका बाजूला, डंपर दुसऱ्या बाजूला, वळवायला जागा नव्हती. आवाज मोठा आला, पण गाडी सरळ चालली आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, कारण हवा गेलीच नव्हती. सकाळी पार्किंगमध्ये वाकून मागच्या टायरच्या आतल्या बाजूने तळहात फिरवला, तेव्हा लिंबाएवढा फुगा हाताला लागला. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि हवा बाहेरचं रबर ढकलत राहते. हे पंक्चर नाही, याला पॅच नसतो. टायरवाल्याने बोट लावलं आणि म्हणाला, “दादा, हा गेला. हायवेला नेऊच नका.”

पुढचा भाग जास्त त्रासाचा होता. त्या मापाचा रनफ्लॅट दुकानात नव्हता, मागवावा लागणार होता. एकच बदलायचा तर शेजारच्या टायरची झीज जुळत नव्हती, म्हणजे जोडी घ्या. मागचे-पुढचे टायर वेगळ्या मापाचे, म्हणून आलटून पालटून लावायचीही सोय नाही. स्टेपनी काही थ्री सिरीजमध्ये बारीकशी असते, मामाच्या गाडीत नव्हती. सबमिशनच्या दिवसांत गाडी सोसायटीत उभी आणि मी ट्रान्स-हार्बरच्या लोकलला. नंतर पोलोचे टायर बदलताना चारही टायरचं बिल पाहिलं आणि मामाच्या गाडीच्या त्या एका टायरचा सांगितलेला भाव आठवला. दोन आकडे एकमेकांपासून फार लांब नव्हते.

यात गाडीचा दोष मी धरत नाही. ती ज्या रस्त्यांसाठी घडवली आहे तिथे हेच टायर तिला जमिनीला चिकटवून ठेवतात. आणि सतरा इंची चाकांवर त्रास कमी होतो, हेही खरं. तिथे २२५/५० चा टायर येतो, त्याच्या भिंतीची उंची पोलोच्या टायरपेक्षा कमी नाही. पण पोलोचं वजन टनापेक्षा थोडंसंच जास्त आहे, थ्री सिरीज दीड टनाच्या आसपास. त्याच खड्ड्यात चाकावर पडणारा मार वेगळा, आणि कडक रनफ्लॅट तो मार जिरवत नाही, पुढे ढकलतो.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरी मेख विम्यात आहे. ‘इन्शुरन्स आहे ना’ म्हणून पुष्कळ जण निश्चिंत असतात. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत टायर-ट्यूबचं नुकसान तेव्हाच धरलं जातं, जेव्हा त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालेलं असतं, आणि तेव्हाही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतच. नुसता फुगा आला तर सगळा खर्च तुमच्या खिशातून. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन मिळतं, पण ते साधारणपणे नव्या गाड्यांना. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, त्याचंही तसंच, पाच-सात वर्षांनंतर ते मिळणं अवघड होत जातं. म्हणजे दहा वर्षांवरच्या गाडीचा बंपर फुटला तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा धरला जातो आणि त्या वयाला धातूच्या भागांवरही तेवढाच. बंपर थ्री सिरीजचा आणि निम्मे पैसे विद्यार्थ्याचे, हे गणित मांडून बघा.

थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा. पोलो ९९९ सीसीची आहे, ३२०डी जवळजवळ दोन लिटरची. फरक काही हजारांचाच, पण तो दरवर्षीचा.

कर्जाबद्दल थोडक्यात. स्वतःचं उत्पन्न नसताना ते आई-बाबांच्या नावावरच होणार. जुन्या गाडीचं व्याज नव्यापेक्षा जास्त असतं आणि गाडी दहा वर्षांच्या पुढची असली की बऱ्याच बँका हात आखडता घेतात. त्यामुळे थ्री सिरीज बहुधा रोखीत घ्यावी लागते आणि मग हाताशी काही उरत नाही. माझ्या मते पहिल्या वर्षासाठी किमतीच्या पंधरा-वीस टक्के तरी बाजूला हवेत. हा नियम नाही, माझा अंदाज आहे.

यंत्राच्या बाजूने थ्री सिरीज बघताच असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१५ च्या फेसलिफ्टच्या, म्हणजे त्याच मॉडेलचं रूप थोडं बदललं त्या सुमारास ३२०डीचं इंजिन बदललं, एन४७ जाऊन बी४७ आलं. जुन्या एन४७ ची टायमिंग चेन इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहे, म्हणजे तिथलं काम निघालं की मोठी खोलाखोल. थोडे जास्त पैसे देऊन फेसलिफ्टनंतरची घेणं शहाणपणाचं. गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ आहे असं विकणारा सांगेल, पण बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. ते बदललेलं आहे का, त्याचं बिल मागा. आणि दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल दिसली तर भावाला भुलू नका. तिथल्या डिझेल गाड्यांवरच्या दहा वर्षांच्या नियमामुळे त्या इकडे येत आल्या आहेत, पण एनओसी, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच वितळते.

मधले पर्याय मीही चाळले होते. फियाटची अबार्थ पुंटो, १४५ बीएचपीची, चालवायला बेफाम आवडली. पण फियाट भारतातून गेली आहे आणि सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या फेऱ्या मारायची तयारी हवी. स्कोडाची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय मोठी, वेगवान आणि आतून ऐसपैस. तिच्यातला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे आणि अशा क्लचला माजिवड्यासारखी सरकती रांग मानवत नाही. जुन्या १.२ च्या पोलो जीटीतही तोच प्रकारचा गिअरबॉक्स. ऑक्टाव्हिया आरएसमध्ये ओला क्लच आहे, पण तिची किंमत विद्यार्थ्याच्या हिशेबात बसत नाही.

म्हणूनच २०२० नंतरची १.० टीएसआय. ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर, आणि तिच्यात डीएसजी नाहीच. सहा गिअरचा मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक. ‘जीटी’चा बिल्ला फक्त ऑटोमॅटिकवर येतो, मॅन्युअल हवा तर हायलाइन प्लस किंवा कम्फर्टलाइन शोधावी लागते. मी मॅन्युअल घेतली. ऐरोलीच्या सिग्नलवरून दुसऱ्या गिअरमध्ये खेचताना १८०० आरपीएमच्या पुढे टर्बो जागा होतो तेव्हा गाडी चेहऱ्यावर हसू आणते. रोजच्या ताशी पन्नास-साठच्या वेगात. थ्री सिरीजमध्ये ते हसू येईपर्यंत तुम्ही दंड लागण्याच्या वेगात असता. पाम बीच रोडवर पोलिसांची नजर आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० आणि घाटात ६०, वर कॅमेरे. समृद्धीवर १२० चालते, पण त्यासाठी आधी आमण्याला पोचावं लागतं आणि तिथवर भिवंडी पार करायची असते. आपल्या बाजूला ताकद पूर्ण वापरता येईल असा रस्ता रोजच्या वाटेवर फारसा नाही. छोट्या गाडीची ताकद मात्र रोज पूर्ण वापरता येते.

पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली, मग सुटे भाग मिळतील का, ही शंका मलाही होती. पण याच घराण्यातलं १.० टीएसआय इंजिन व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया आणि कुशाकमध्ये चालू आहे, त्यामुळे इंजिनाच्या भागांची मला चिंता वाटत नाही. दिवे, बंपर, दरवाज्यांचे भाग हळूहळू महागतील, हे गृहीत धरा. सर्व्हिस मारुतीच्या भावात होत नाही. ती अपेक्षा असेल तर युरोपियन गाडीच्या वाटेला न गेलेलं बरं.

ज्याच्या घरी रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, बाबांना त्या गाडीची आवड आहे आणि एखादा आठवडा ती उभी राहिली तरी कुणाचं अडत नाही, त्याने थ्री सिरीज जरूर घ्यावी. तो आनंद पोलो देऊ शकत नाही. कॉलेज, इंटर्नशिप आणि घर या तिन्हींसाठी एकच गाडी असेल, तर मी पोलोकडे बोट दाखवेन.

बघायला जाल तेव्हा आधी टायरपाशी बसा. चारही टायरच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवा, नुसतं बाहेरून पाहू नका. टायरवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. रिमच्या आतल्या कडेला चपटी जागा दिसली तर सस्पेन्शन तपासून घ्या. पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं इथेनॉलचं स्टिकर पाहा, कारण या पोलो ई२०च्या, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, आधीच्या आहेत. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून पावसाळ्यात रोज जाणार असाल तर इंजिन प्रोटेक्ट असलेलाच विमा घ्या. पाणी आत ओढून इंजिन बसलं तर नेहमीची पॉलिसी ते मानत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या, विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो. तुमचा शून्यापासून सुरू होणार आहे, तेव्हा हप्त्याचा आकडा सौद्याच्या आधी काढून ठेवा.