नमुन्याच्या नावाखाली जुना साग नेणाऱ्यांपासून सावध

जुन्या घरातली नक्षीदार पट्टी हुबेहूब नवी करून घ्यायची असेल, तर सुताराला नमुना म्हणून एक वीतभर तुकडा पुरतो. त्याहून जास्त मागणाऱ्याची नजर तुमच्या जुन्या सागावर आहे, असं मी आता सरळ धरून चालतो. आमच्या अमळनेरच्या घरातला जवळजवळ सगळा साज असाच गेला.

घर धाब्याचं, पुढे ओटा, वर माडी. बैठकीच्या दारांना चार बोटं रुंदीची सागवानी पट्टी होती: आधी मोठा गोलवा (फुगीर गोल कड), मग खाच, मग पुन्हा बारीक गोलवा. माडीच्या कडेला वेलबुट्टीची लाकडी झालर. काही पट्ट्या वाळवीनं खाल्ल्या, काही वाटणीची भिंत घातली तेव्हा गायब झाल्या (भाऊबंदकीत लाकूडही सुटत नाही). उरलेल्या साफ करून परत बसवायच्या आणि कमी पडतील तेवढ्या तशाच नव्या करायच्या, एवढंच काम. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतात, त्याआधी उरकायचं होतं.

ओळखीतून एक कारागीर आला. मोबाईलवर वाड्यांचे झकास फोटो. त्यातले बरेच तमिळनाडूतल्या चेट्टीनाडच्या घरांचे होते, हे फार नंतर कळलं. बोलणं गोड. "भाऊ, चिंता नका करा, मी शे ना!" सगळ्या पट्ट्या आणि झालर काढून न्यावी लागेल म्हणाला. मशीनचं पातं बनवायला अख्खी लांबी लागते, आणि जुना रंग वर्कशॉपमध्येच निघतो, अशी दोन कारणं. ऐकायला पटण्यासारखी.

पहिलं कारण साफ खोटं आहे. गोलव्याची नक्षी लांबीभर एकच असते. दहा फुटांत जे आहे तेच वीतभरात आहे. तुकड्याचं टोक बारीक दातांच्या करवतीनं सरळ कापायचं, कडेवरचे रंगाचे थर खरवडायचे (थर राहिले की खाचा उथळ दिसतात आणि नवी पट्टी बोथट निघते), टोक कागदावर उभं धरून पेन्सिल फिरवायची. त्या रेघेवरून पातं घासून घेता येतं. मशीन नसेल तर जुन्या पद्धतीनं गोल पात्याच्या रंध्यानंही काम होतं. वेलबुट्टीचं म्हणाल तर एका पूर्ण वेलाचा कागदावर ठसा आणि समोरून-बाजूनं फोटो पुरतात. रंग काढायचा तर तो तुमच्या ओट्यावर बसूनही काढता येतो.

माल परत आला तो एकसारखा चकचकीत, तपकिरी. जुन्या-नव्या मिसळून बसवल्यात, ओळखूसुद्धा येणार नाहीत, असं तो अभिमानानं सांगत होता. काकू दारात उभ्या राहून वर बघत होत्या. म्हणाल्या, "ही आपली पट्टी नाही. आपल्या पट्टीला तोरणाच्या खिळ्याचं भोक होतं." त्यानं लगेच सांगितलं, लांबी (पुट्टी) भरून बुजवलं. मग मी एक पट्टी उचकटून उलटी केली.

पाठ कधीच खोटं बोलत नाही, कारण तिला पॉलिश करायचे कष्ट कुणी घेत नाही. जुन्या पट्टीच्या पाठीवर हाताच्या रंध्याचे लाटेसारखे चढउतार असतात, लोहाराच्या चौकोनी खिळ्यांची चौकोनी भोकं असतात, लाकूड काळपट पडलेलं असतं. इथे पाठीवर गोल करवतीचे ताजे ओरखडे, खिळे गोल, रंग पिवळट. पटाशीनं पुढून थोडं तासलं तर स्टेनखाली पांढरं लाकूड. म्हणजे सागच, पण गाभ्याचा नाही, सालीलगतचा. वाळवीला तोंड देतो तो गाभा. हा पांढरा भाग ती आवडीनं खाते. झालरीची गंमत तर वेगळीच. प्रत्येक पानाच्या टोकाला, त्याच जागी, तोच टवका. हातानं कोरलेल्या दोन पानांत इतकं साम्य नसतं. साच्यात भुसा आणि डिंक दाबून काढलेली पानं चिकटवलेली होती.

बिलातही हात मारला होता. लाकडाचं माप सोपं आहे: रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, गुणाकाराला 144 नं भागा, घनफूट आलं. 4 इंची, 1 इंच जाड, 10 फुटी पट्टी 0.28 घनफूट होते. कच्चं लाकूड थोडं जास्त लागतं, ते मान्य. त्यानं 4.5 बाय 1.5 चं कच्चं माप धरून 0.47 लावलं आणि त्यावर पुन्हा 20 टक्के घट (तासण्यात वाया जाणारं लाकूड) घेतली. घट एकदाच घ्यायची असते. वखारीचं बिल मागितलं तर "सातपुड्यातला माल, बिल कसलं?" सागाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो, ज्याच्याकडे कागद नाही त्याचा माल घरात घेऊच नका.

मे महिन्यात उरलंसुरलं उघडं पडलं. आपल्याकडचं ऊन ओल्या लाकडाला सोडत नाही. लाकूड लांबीत जवळपास आटत नाही, रुंदीत आटतं. त्यामुळे चौकटीच्या कोपऱ्यात तिरके जोडलेले सांधे आतल्या बाजूनं उघडले. जिथे नखही शिरू नये तिथे पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

आमचा खरा साग कुठे गेला, ते तो सांगत नाही. अशा मालाला मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारापासून हॉटेल सजवणाऱ्यांपर्यंत गिऱ्हाईक आहे, आणि नक्षीच्या तुकड्याची किंमत घनफुटात ठरत नाही. कारागिराकडे माल द्यायचाच असेल तर प्रत्येक नगाच्या पाठीवर खोल नंबर कोरा, पुढून-मागून फोटो काढा, आणि नगांच्या यादीवर त्याची सही घ्या. आमच्याकडे बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये दार स्पष्ट दिसतं, भोकासकट. तोच आमचा पुरावा ठरला.

पोलिसांनी आधी "हा दिवाणी वाद" म्हणून वाटेला लावलं. पण दुरुस्तीला सोपवलेली वस्तू परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मधला न्यासभंग (विश्वासानं सोपवलेली वस्तू लाटणं) आहे, हे लिहून अर्ज दिल्यावर तो घेतला गेला. कामातल्या फसवणुकीची तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी केली. कामासाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि मुदत 2 वर्षांची आहे. तारखा चालू आहेत. सालीचा साग मी काढून टाकलेला नाही, कारण वकील म्हणतात निकाल लागेपर्यंत भिंतीवरच राहू द्या.