पोलीस थाण्यात बयान (जबाब) देताना कर्णबधिराच्या शेजारी कोण हवं: घरचं माणूस की सांकेतिक भाषेचा इंटरप्रिटर (दुभाषी)?

"धाकट्याच्या हातातून मोबाइल हिसकावून नेला. उद्या थाण्यात जायचंय. त्याचं बोलणं मीच सांगू, की कुणाला बोलवू?" इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंनी मला विचारलं. मुलगा कर्णबधिर, पंचविशीचा. त्याच्या सगळ्या खुणा काकूंना पाठ. मी म्हटलं, तुम्ही जरूर जा, पण आई म्हणून जा. त्याचं बयान दुसऱ्या कुणाला तरी सांगू द्या.

माझे आई-बाबा दोघंही कर्णबधिर. बाबांच्या स्कूटरला अपघात झाला तेव्हा मी १३ वर्षांची होते आणि एका थाण्यात त्यांच्या शेजारी उभी होते. मुन्शींनी, म्हणजे थाण्यात बयान लिहून घेणाऱ्या पोलिसाने, विचारलं, "गाडी तेज चला रहे थे?" मी प्रश्न हातांनी सांगायला लागले, तशी बाबांची मान हलायला लागली. ती मान म्हणजे "कळतंय, पुढे सांग". कागदावर ती "हां" झाली. मला ते दिसलं होतं, पण मोठ्या माणसांना थांबवायचं धाडस झालं नाही. ती ओळ अजून सलते.

घरच्या माणसाची सोय मोठी आहे. ते लगेच मिळतं, पैसे लागत नाहीत, मुलालाही धीर येतो. पण घरातल्या खुणा घरापुरत्या असतात. जेवण, औषध, पाहुणे, शाळा एवढं त्यात मावतं. "तो रागावला" आणि "त्याने धमकी दिली" यांत फरक करणाऱ्या खुणा आमच्या घरात नव्हत्याच. शिवाय आई गाळते. लाजेपोटी, काळजीपोटी, कधी प्रकरण लवकर मिटावं म्हणून. आणि आरोप घरातल्याच कुणावर असेल, तर घरच्या दुभाष्याचा विचारसुद्धा करू नका.

पुढे कोर्टातही हे अंगाशी येतं. राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंह या खटल्यात घटना पाहणारी एकमेव साक्षीदार कर्णबधिर होती आणि तिच्या खुणांचा अर्थ तिचे वडील सांगत होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती साक्ष भरवशाची धरली नाही आणि आरोपीची सुटका कायम राहिली. कर्णबधिर माणूस साक्ष द्यायला पूर्ण लायक आहे, हे न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. मात्र दुभाषी त्याच परिसरातला असावा, खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा आणि त्याला शपथ दिलेली असावी.

शिकलेला इंटरप्रिटर "तो म्हणतोय" असं म्हणत नाही, "मी पाहिलं" असं म्हणतो. नुसत्या मान हलवण्याला तो होकार समजत नाही. नीट कळलं नाही तर पुन्हा विचारतो. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण हिंदी-मराठीसारखं नाही. "कुठे", "कोण" हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, भुवयांनीही प्रश्न होतो. नुसते शब्द माहीत असून भागत नाही, म्हणून तर त्याची २ वर्षांची पदविका असते. अडचण एकच: अशी माणसं फार कमी आहेत, वाट पाहावी लागते. इंदूरचं त्यातल्या त्यात बरं आहे. तुकोगंज थाण्यात मूक-बधिरांसाठी सहायता केंद्र आहे, कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या ज्ञानेंद्र आणि मोनिका पुरोहित यांच्या कामाशी जोडलेलं. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली, तरी पहिली चौकशी मी तिथेच करेन. जीवाला धोका असेल तर अर्थातच आधी ११२.

एका बाबतीत माझा सल्ला बदलतो. कधीच शाळेत न गेलेल्या, फक्त घरच्या खुणा येणाऱ्या वयस्क माणसापुढे पदविकावाला इंटरप्रिटरही अडतो. अशा वेळी साइनमध्ये मुरलेली दुसरी कर्णबधिर व्यक्ती मध्ये बसवावी. घरच्यांनी आधी खुणांचे अर्थ सांगावेत आणि बयानाच्या वेळी बाजूला व्हावं.

मूल लहान असेल तर विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारे, चांगले. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यातही त्यांची तरतूद आहे. फक्त तक्रार शाळेची किंवा वसतिगृहाची असेल, तर शिक्षक त्याच संस्थेचे नकोत.

व्हिडिओ कॉल काहीच नसण्यापेक्षा बरा, पण छोट्या पडद्यावर हात चौकटीबाहेर जातात. पहिली माहिती कळवण्यापुरता तो ठेवावा. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली, तर ३ दिवसांत सही करावी लागते. लिहून देणं मुलाचं लेखन खरंच पक्कं असेल तरच. ओठ वाचण्यावर तर थाण्यात अजिबात विसंबू नये. आमची मुलं आईच्या मराठीवर ओठ वाचायला शिकतात आणि थाण्यात बोलणं हिंदीत होतं. त्यातून "बारा" आणि "मारा" ओठांवर अगदी सारखे दिसतात.

लैंगिक अत्याचाराची तक्रार कर्णबधिर स्त्रीची असेल, तर निवड तुमच्या मर्जीवर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे महिला अधिकाऱ्याने तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी यायचं, इंटरप्रिटर किंवा विशेष शिक्षक हवा आणि चित्रीकरण व्हायलाच हवं. चित्रीकरणाचा आग्रह धरा, कारण तिचे खरे शब्द तिच्या हातांत असतात, कागदावर भाषांतर उरतं. मोबाइल हिसकावल्याच्या तक्रारीला ही तरतूद लागू नाही. तिथे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १२ दाखवा. तपास करणाऱ्या यंत्रणेपर्यंत भेदभावाशिवाय पोहोचण्याचा हक्क त्यात आहे.

काकूंनी एक दिवस थांबून इंटरप्रिटर मिळवला. तो मुन्शींच्या बाजूला, मुलाच्या समोर बसला आणि काकू मागच्या बाकावर. सहीआधी इंटरप्रिटर लिहिलेलं सगळं साइनमध्ये सांगत असताना मुलाने हात वर केला. पोरं दोन नव्हती, तीन होती, तिसरा गाडी चालू ठेवून पुढे थांबला होता. घरी काकूंना तो तिसरा कळलाच नव्हता. ओळ बदलली, मग सही झाली.