अनुदान मिळाले, पुढे काय? सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचा कोल्हापुरातील अनुभव

करवीर तालुक्यात मी गूळ पावडर तयार करण्याचा लहानसा उद्योग चालवतो. तो उभा करताना प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेचा आधार घेतला, त्याला आता दोन हंगाम पूर्ण झाले. ओळखीपाळखीचे लोक या योजनेविषयी विचारतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न 'अनुदान किती?' हाच असतो. माझ्या मते तो या सेवेचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, तरीही आधी त्याचे उत्तर देऊन टाकतो.

२०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. किमान १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते, बाकीचे बँकेचे कर्ज असते आणि जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरली जात नाही. माझा प्रकल्प १४ लाखांचा होता; त्यात १ लाख ४० हजार माझे, १२ लाख ६० हजार कर्ज आणि ४ लाख ९० हजार अनुदान, असा हिशेब बसला. हे अनुदान हातात पडत नाही. ते कर्जाशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात राहते आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षे कर्ज नियमित व उद्योग चालू असेल तरच कर्जात वळते केले जाते. हे ऐकून अनेकांचा उत्साह मावळतो. मला मात्र ही अट योग्य वाटते, कारण अनुदानापुरते उघडलेले आणि अनुदानानंतर कुलूप लागलेले शेड मी इतर योजनांत पाहिले आहे.

या सेवेत खरे मोल आहे ते जिल्हा संसाधन व्यक्तीचे. राज्यात ही योजना कृषी विभागामार्फत राबवली जाते आणि अर्जदाराला हाताशी धरून प्रस्ताव पुढे नेण्यासाठी अशा व्यक्ती नेमलेल्या असतात. कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रस्तावामागे त्यांना सरकारकडून २० हजार रुपये मानधन मिळते. अर्जदाराने त्यांना काहीही द्यायचे नसते. माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ स्वतः गुऱ्हाळघरात वाढलेले होते. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, चांगला नसेल तर यंत्र कितीही भारी आणले तरी पावडर चिकट येणार, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले आणि प्रकल्प अहवालात गुळव्याचा पगार मी धरला होता त्याच्या दीडपट धरायला लावला. तयार साच्यात आकडे भरून अहवाल देणारे सल्लागार मी आधी पाहिले होते. त्यांच्या अहवालात गूळ बाराही महिने एकाच भावाने मिळत होता.

दुसरा प्रसंग यंत्राच्या दरपत्रकाचा. पावडर करण्याचे आणि वाळवण्याचे यंत्र मला कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील एका कारागिराकडून बनवून घ्यायचे होते, कारण बिघडले तर तो तासाभरात येऊ शकतो. परंतु त्याचे दरपत्रक म्हणजे वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले चार आकडे. बँकेला जीएसटी क्रमांक, यंत्राचा तपशील आणि क्षमता लिहिलेला रीतसर कागद हवा होता. बाहेरच्या राज्यातील एका मोठ्या उत्पादकाचे छापील दरपत्रक तयार होते, मात्र किंमत जवळजवळ दुप्पट होती. संसाधन व्यक्तीने दोन वेळा उद्यमनगरात येऊन त्या कारागिराबरोबर बसून कागद तयार करून घेतला. स्थानिक उद्योगाला मदत करणे म्हणजे काय, हे मला त्या दोन दुपारींत कळले: माझ्या कर्जातून एका कोल्हापुरी कारखानदाराचेही काम उभे राहिले आणि पुढच्या अर्जदारासाठी त्याच्याकडे कागद तयार राहिला.

बँकेचा अनुभव मात्र मिश्र आहे. पहिल्या बँकेने, तिचे नाव घेण्याचे कारण नाही, फाईल दोन महिने ठेवून घेतली आणि शेवटी 'यंदाचे उद्दिष्ट संपले' एवढेच तोंडी सांगितले. दुसऱ्या बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी नेमका प्रश्न विचारला: 'उसाचे गळीत संपल्यावर पावसाळ्यात काय करणार?' याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच होते. योजनेकडे तर ते अजिबात नव्हते आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे.

गूळ हा हंगामी माल आहे. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात आणि उन्हाळा सुरू होईपर्यंत चांगला गूळ मिळतो. वर्षभर पावडर विकायची तर या काही महिन्यांतच गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, घेऊन शीतगृहात ठेवावे लागतात, कारण पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटते. म्हणजे यंत्रापेक्षा खेळत्या भांडवलाची गरज मोठी. अनुदानाचा सारा भर मात्र यंत्रांवर आणि बांधकामावर. पहिल्या वर्षी जानेवारीत माझे पैसे संपले आणि भाव उतरलेले असताना मी गूळ घेऊ शकलो नाही. नवे यंत्र झाकून ठेवण्याची वेळ आली, ती कर्ज थकले म्हणून नव्हे, कच्चा माल नाही म्हणून.

त्याच सुमारास संसाधन व्यक्तीचे काम नियमाप्रमाणे संपले होते. त्यांचे मानधन मंजुरी, नोंदण्या, परवाना आणि उभारणी यांच्याशी जोडलेले आहे. उद्योजकाच्या अडचणी सुरू होतात त्या सुमारास मदतनीस मोकळा होतो. दोष त्या गृहस्थांचा नाही. ते अजूनही फोन उचलतात, पण ते उपकार म्हणून. मानधनाचा एक हिस्सा उद्योग वर्षभर चालल्यावर दिला, तर सेवा आपोआप बदलेल असे मला वाटते.

विक्रीच्या बाबतीत तर अंधारच होता. मोठ्या दुकानदाराने पहिल्यांदा प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. गुळात सल्फर डायऑक्साइडचे, म्हणजे रंग उजळवायला वापरलेल्या रसायनांतून उरणाऱ्या घटकाचे, प्रमाण दहा लाख भागांत ७० पेक्षा जास्त चालत नाही आणि फिकट पिवळ्या रंगाचा हट्ट धरणाऱ्या बाजारासाठी बनवलेल्या गुळात हीच अडचण येते. ही गोष्ट मला गूळ विकत घेण्याआधी कळायला हवी होती. एका घाऊक व्यापाऱ्याने चार महिने पैसे अडकवले. सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, ही २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातील तरतूद आणि वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, हा अलीकडचा नियम मला माझ्या सनदी लेखापालांनी सांगितला. हे नियम त्या व्यापाऱ्याच्या कानावर घातल्यावर आठवड्यात पैसे आले. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, मोफत असते आणि तीही माझ्याकडे होती. तिचा हा उपयोग मात्र कोणी सांगितला नव्हता.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते पाकिटावर कसे वापरायचे, हे शिकवणारा एक दिवसाचा वर्ग माझ्या पाहण्यात आलेला नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हा गुळाला आधी बाजार दिला, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. त्यातले दोन एकट्या संसाधन व्यक्तीचे. अर्ज करणाऱ्यांनी उन्हाळ्यातच सुरुवात करावी, म्हणजे पाडव्यापूर्वी मंजुरी हाती येते. संसाधन व्यक्ती निवडण्याची संधी मिळाली तर तिने आधी कोणते उद्योग उभे करून दिले आणि त्यांपैकी किती चालू आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. आणि मुदत कर्जाच्या अर्जाबरोबरच कॅश क्रेडिटचा, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा, अर्ज त्याच शाखेत द्यावा. मी तो आठ महिन्यांनी दिला.